उलटणारे दुखणे व फिजिओथेरपी

उलटणारे दुखणे : शेक, गोळ्या किंवा विश्रांतीने थांबून काही आठवड्यांनी त्याच जागी परत येणारी स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) अथवा सांध्याची वेदना. कंबर, मान, खांदा, गुडघा आणि टाच या तिच्या ठरलेल्या जागा. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा त्या काळात पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. घरात मात्र ‘उसण भरली’, ‘चमक आली’, ‘मान अवघडली’ असेच बोलले जाते, आणि दर वेळी ती नवी घटना समजली जाते. बहुधा ती नवी नसते.

कळ थांबणे आणि स्नायूला बळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी उसण आठ-पंधरा दिवसांत उतरते. दुखऱ्या काळात ढिले पडलेले स्नायू पूर्ववत व्हायला मात्र ८ ते १२ आठवड्यांचा नियमित व्यायाम लागतो. या दोहोंच्या मधल्या काळात माणूस ‘बरे झाले’ म्हणून व्यायाम सोडतो, पहिल्यासारखीच बादली उचलतो आणि दुखणे उलटते.

बडोद्यात याचे वेळापत्रक सणांना बांधलेले असते. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस नवरात्रात नऊ रात्री, रोज दोन-तीन तास, बहुधा अनवाणी गरबा खेळतो. दसरा उलटला की टाचा, पोटऱ्या आणि गुडघे बोलू लागतात. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर मान मागे टाकून पतंग उडवल्याने मान आणि मांजा ओढणारा खांदा धरतो. जवळच्या पावागड डोंगरावर चढताना दम लागतो, पण गुडघा दुखतो तो उतरताना. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत शरीराचा भार झेलतात, आणि त्यांना तशा कामाची सवय नसते. दोष गरब्याचा नाही आणि गडाचाही नाही. भार एकदम वाढला, एवढेच. सहा आठवडे आधीपासून एक दिवसाआड पायऱ्यांची चढ-उतार आणि टाचा उचलण्याचा व्यायाम केला, तर तोच गरबा पुष्कळदा सोसतो.

‘मणक्यात गॅप’ हा शब्द या विषयातला सर्वांत खोडकर शब्द आहे. दोन मणक्यांमधली चकती झिजली की अंतर कमी होते. गॅप ‘येत’ नाही, उलट जातो. शिवाय असे बदल न दुखणाऱ्यांतही सर्रास सापडतात. पाठीची काहीही तक्रार नसलेल्यांच्या तपासण्यांच्या एका मोठ्या आढाव्यात (२०१५) विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. त्यामुळे नुसत्या एमआरआयच्या कागदावरून वाकणे, उचलणे कायमचे बंद करणे चुकीचे ठरते.

चांगली तपासणी फिल्मपेक्षा हालचालीवर चालते. दुखणे सकाळी जास्त की संध्याकाळी, बसून वाढते की चालून, हे आधी विचारले जाते. मग रुग्णाला दहा वेळा पुढे आणि दहा वेळा मागे वाकायला सांगतात. पायात उतरलेली कळ एखाद्या दिशेने वाकल्यावर कमरेकडे परत सरकली, तर ते शुभलक्षण. व्यायाम त्याच दिशेने सुरू होतो. टाच दुखत असेल तर घोटाही पाहतात. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंमी दूर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते बघायचे. दुसऱ्या पायाच्या मानाने बरेच कमी अंतर आले, तर पोटरी ताठर आहे असे समजावे.

टाचेसाठीचा व्यायाम असा : पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेकवावा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी म्हणजे बोटे वर वळतात. ३ सेकंदांत टाच उचलावी, २ सेकंद थांबावे, ३ सेकंदांत खाली आणावी. अशा १२ वेळांचे ३ संच, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी दप्तरात पुस्तके भरून ते पाठीवर घ्यावे आणि १० वेळांचे ४ संच करावेत. सुमारे तीन महिने लागतात. घाईने, उसळी मारत केले तर फायदा जातो.

कमरेसाठी मुलांना बसवण्याच्या घोड्यासारखे व्हावे. उजवा हात व डावा पाय जमिनीला समांतर लांबवून १० सेकंद धरावा, मग बाजू बदलावी. प्रत्येक बाजूला ६, थोडी विश्रांती, मग ४, मग २. नेहमीची चूक म्हणजे पाय फार वर नेणे, त्याने कंबर खोलगट होते. कमरेवर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवली की चूक आपोआप कळते. हा व्यायाम उठल्याबरोबर करू नये. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून ज्यांना पुढे वाकल्यावर दुखते त्यांनी पहिला तासभर कंबर वाकवणे टाळावे, सूर्यनमस्कारही त्यानंतर.

व्यायामाची मात्रा ठरवायला वेदनेची ० (काहीच नाही) ते १० (असह्य) ही मोजपट्टी पुरते. व्यायामात वेदना ३-४ पर्यंत गेली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आली तर मात्रा बरोबर. सकाळीही चढलेलीच राहिली तर संच कमी करावेत. व्यायाम बंद करू नये.

बऱ्याच जणांच्या लेखी फिजिओथेरपी म्हणजे ‘करंट आणि शेक’. शेकाने स्नायू सैल पडतो आणि व्यायाम सुरू करणे सोपे जाते, तेवढा तो उपयोगी. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत व्यायामाची शिफारस केली, आणि टेन्स (त्वचेवरून दिलेला सौम्य करंट), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणे), कंबरपट्टा यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केली नाही. दहा बैठका नुसत्या यंत्राखाली पडून काढल्या, तर अकराव्या दिवशी स्नायू तेवढाच दुबळा असतो. घरच्या झोपाळ्याचेही तसेच : पायाने झोका देताना गुडघा मोकळा राहतो हे खरे, पण मांडीला बळ येत नाही.

जुम्मादादा व माणिकराव या व्यायामगुरूंच्या बडोद्याला तालमीची परंपरा आहे. राजरत्न माणिकराव हाडे बसवण्यातही निष्णात मानले जात. म्हणून अजूनही कोणतेही दुखणे चोळून ‘बसवून’ घेण्याकडे कल दिसतो. तालमीतल्या बैठका गुडघ्याला वाईट नाहीत. चाळिशीत एकदम शंभर काढणे वाईट. खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, १० वेळांचे ३ संच, येथून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

पुढील लक्षणांत व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे : जांघांमध्ये बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पाऊल लुळे पडणे, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतरचे तीव्र दुखणे, कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना. चालल्यावर वाढणारी आणि छातीत दाटणारी डाव्या खांद्याची किंवा जबड्याची कळ हृदयाची असू शकते. तिला शेक देत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.