नायजर : साडेतीनशे मिलिमीटरची रेघ

26 जुलै 2023 रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बझूम यांना त्यांच्याच रक्षक दलाच्या प्रमुखाने, जनरल चियानी यांनी, कोंडून ठेवलं आणि सत्ता लष्कराकडे गेली. कारण सांगितलं ते ढासळत्या सुरक्षेचं. आपल्याकडच्या बातम्या फ्रान्स, रशिया आणि युरेनियमभोवतीच फिरल्या. बाजरीच्या रानांबद्दल कुणी फारसं बोललं नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

1960 साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश जेमतेम 34 लाखांचा होता. 1988 च्या जनगणनेत आकडा 72 लाखांवर गेला, 2012 मध्ये 1 कोटी 71 लाखांवर, आणि आता तो अडीच कोटींच्या पुढे आहे. 2012 च्या पाहणीत दर बाईमागे सरासरी 7.6 मुलं निघाली. तेव्हा हा जगातला सर्वांत मोठा आकडा होता. त्याआधीच्या वीस वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, ही आनंदाचीच गोष्ट. जन्मदर मात्र जागचा हलला नाही.

नकाशावर देश महाराष्ट्राच्या चौपट दिसतो, त्यामुळे गर्दी कसली, असं वाटू शकतं. पण बहुतेक भाग सहारा. शेती होते ती दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात, तीही पावसाच्या भरवशावर. हे ओळखून 1961 मध्ये कायद्याने एक मर्यादा ठरवली. वर्षाला साधारण 350 मिलिमीटर पाऊस जिथे पडतो, त्या रेघेच्या उत्तरेला नांगर घालायचा नाही. ती कुरणं फुलानी, तुआरेग अशा गुरंवाल्यांची. कागदावर चोख व्यवस्था. पण वाटण्या होऊन बापाचं रान मुलांना पुरेना, तेव्हा लोक उत्तरेकडे सरकत गेले. कुरणं तर मोडलीच, गुरांच्या जुन्या वाटाही पेरणीखाली गेल्या.

पूर्वी शेतकरी आणि गुरंवाले या दोघांचं एकमेकांवाचून अडायचं. सुगी झाली की गुरं रानात उतरायची, ताटं खायची आणि शेणखत टाकून जायची. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात, तसाच व्यवहार. रान पडीक ठेवणं परवडेनासं झालं आणि हा व्यवहार तुटू लागला. पिकात गुरं शिरली की भांडण, मग काठ्या, मग पोलीस. गुरंवाल्यांची तक्रार ठरलेली असायची : दंड आम्हालाच.

1968 ते 1974 च्या दुष्काळात गुरं मेली. आलेल्या धान्याच्या मदतीत सरकारातल्यांनी हात मारल्याचे आरोप झाले आणि एप्रिल 1974 मध्ये कर्नल सेनी कुंशे यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष हमानी दिओरी यांना खाली खेचलं. पोट आणि गादी यांचा संबंध नायजरला तेव्हापासून ठाऊक आहे.

बंदुका नंतर आल्या. मालीच्या सीमेलगत, तिलाबेरी भागाच्या उत्तरेला, गुरांच्या चोऱ्यांवरून फुलानी आणि पलीकडचे, मालीतले दाउसाहाक गुरंवाले यांच्यात आधीपासूनच वैर धुमसत होतं. 2011 मध्ये लिबियात गद्दाफी पडला आणि तिथली हत्यारं वाळवंटातून दक्षिणेला उतरली. पुढच्याच वर्षी उत्तर माली जिहादी गटांच्या हाती गेला. या गटांनी फुलानी पोरांना धर्मापेक्षा आधी संरक्षण देऊ केलं. 2017 मध्ये तोंगो तोंगो गावाजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले तेव्हा जगाचं लक्ष गेलं. डिसेंबर 2019 मध्ये इनातेस इथे नायजरचे 71 जवान पडले आणि महिनाभरात चिनागोद्रारला 89.

लोकसंख्या वाढली म्हणून युद्ध पेटलं, असं सरळ गणित मांडणारे मला पटत नाहीत. दक्षिणेतल्या झिंदेर, मारादी भागांत माणसांची दाटी तिलाबेरीच्या उत्तरेपेक्षा जास्त आहे, पण सैन्याचे सर्वांत मोठे बळी गेले ते सीमेवर. तंटा सोडवणारं सरकार जिथे पोहोचत नाही, तिथे जमिनीची टंचाई बंदुकीपर्यंत जाते. आणि सरकार तरी पोहोचणार कसं? निम्मी प्रजा पंधरा-सोळा वर्षांच्या आतली, म्हणजे कर भरणारे थोडे आणि शाळा-दवाखाने मागणारे जास्त. त्यातच सीमेवरच्या लढाईचा खर्च.

बझूम स्वतः पूर्वाश्रमीचे शिक्षक. मुली शाळेत टिकल्या तर लग्नं लांबतील, या हिशेबाने त्यांनी खेड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृहांची योजना पुढे रेटली. देशात चारपैकी तीन मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. त्याच काळात तिलाबेरीत हल्ल्यांच्या भीतीने शेकडो शाळांना कुलुपं लागली होती.