सायकलचा विमा नसला तरी भरपाई मागता येते

‘सायकलला विमा नसतो, म्हणून गाडीने उडवलं तर सायकलस्वाराला काहीच मिळत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वरवर पटण्यासारखाच आहे, पण खरा नाही.

भरपाईची जबाबदारी ज्याच्या चुकीने इजा झाली त्याची. म्हणून बहुतेक देशांत मोटारगाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. त्यात पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा कंपनी आणि तिसरा म्हणजे त्या गाडीमुळे जखमी होणारा, मग तो पायी असो की सायकलवर. खात्री करायची तर कुठल्याही कारची पॉलिसी उघडा आणि ‘थर्ड पार्टी’चा भाग वाचा. जखमीकडे स्वतःचा विमा हवा, अशी अट तिथे दिसणार नाही.

सायकलस्वाराचीही चूक असेल तर बऱ्याच ठिकाणी रक्कम कमी होते; काही ठिकाणी दावाच फेटाळला जातो. त्यामुळे पुरावा जपाच. गाडीचा नंबर, पोलिसांकडची नोंद, दवाखान्याची बिलं ठेवा. वाकलेलं चाक दुरुस्त करण्याआधी त्याचे फोटो काढा, ही गोष्ट हमखास राहून जाते. दाव्याला मुदत असते, तेव्हा वकिलाला लवकर भेटा. पैशांची अडचण असेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते का, तेही विचारा.