मायक्रोअँपिअरवर लिथियम बॅटरी भरते का?

खोलीतल्या दिव्याच्या उजेडात ठेवलेलं छोटं सोलर पॅनल 100 मायक्रोअँपिअर (मिलिअँपिअरचा दहावा भाग) देतंय, असं धरू. त्यावर 1000 मिलिअँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी भरायला 10,000 तास, म्हणजे जवळपास 14 महिने लागतील. हे झालं कागदावरचं गणित. पण बॅटरी नुसती पडून असली तरी उतरते. महिन्याला 2 टक्के धरले, तर ती सतत 28 मायक्रोअँपिअरची गळती झाली. उरले 72. व्होल्टेज मोजायला कुणी 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून ठेवले, की 4 व्होल्टला आणखी 20 गेले. आता उरले 52, आणि 14 महिन्यांची झाली दोन वर्षांहून जास्त. त्यात बोर्डावर एक मिलिअँपिअर खाणारा एलईडी लुकलुकत असेल, तर सगळंच मुसळ केरात!

सर्रास मिळणारं टीपी4056 चार्जर मॉड्यूल इथे चालत नाही. ते बहुतेक वेळा 1 अँपिअरवर सेट केलेलं असतं. ते तेवढा करंट ओढायला जातं, पॅनलचं व्होल्टेज कोसळतं, चिप बंद पडते. ओझं गेलं की व्होल्टेज सावरतं, चिप पुन्हा जागी होते आणि पुन्हा तेच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग पॅनल एका डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) थेट बॅटरीला जोडून विसरून जावं, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो घातक वाटतो. निकेल-कॅडमियम सेल भरल्यावरही थोडा करंट उष्णतेच्या रूपात पचवतो; लिथियम-आयनकडे ती सोय नाही. 4.2 व्होल्टला सेल पूर्ण भरतो; त्याच्या पुढे रेटत राहिलं, तर ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियम साचू शकतं आणि इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊ लागतं. करंट बारीक असेल तर हे उशिरा होतं, इतकंच.

म्हणून व्होल्टेजला छत हवं. एलटीसी4071 सारखी शंट चिप बॅटरीला समांतर बसते, स्वतः जेमतेम अर्धा मायक्रोअँपिअर खाते आणि बॅटरी भरली की जादा करंट बाजूने वळवते. हे छत 4.2 ऐवजी 4.0 किंवा 4.1 वर ठेवलेलं बरं. इतक्या मंद चार्जिंगमध्ये अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज फुगत नाही, त्यामुळे 4.2 दिसले म्हणजे सेल खरोखरच काठोकाठ भरलेला असतो, आणि तसा पडून राहिला की लवकर म्हातारा होतो.

पॅनलचं व्होल्टेजच कमी असेल, तर बीक्यू25570 सारखा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारी चिप, लागतो. सुरू व्हायला त्याला 600 मिलिव्होल्ट लागतात, एकदा सुरू झाला की तो 100 मिलिव्होल्टवरही काम करतो. दर 16 सेकंदांनी क्षणभर थांबून तो पॅनलचं मोकळं (करंट ओढत नसतानाचं) व्होल्टेज पाहतो आणि त्यावरून पॅनलमधून किती करंट ओढायचा ते ठरवतो.

राहता राहिली बॅटरीची निवड. ‘असू दे मोठी’ म्हणून 5000 मिलिअँपिअर-तासांची घेतली, तर त्याच 2 टक्क्यांनी तिची गळतीच 139 मायक्रोअँपिअर होते. आपलं 100 मायक्रोअँपिअरचं पॅनल ती कधीच भरू शकणार नाही. 50 मिलिअँपिअर-तासांची मात्र तीन आठवड्यांत भरते.