खोडलेला आकडा

गेल्या दिवाळीआधी धाकटी बहीण आणि मी भाचीसाठी कुर्ता आणायला गेलो होतो. एकच कुर्ता, हजार-बाराशेपर्यंतचा, एवढंच ठरलं होतं. दुकानात सेल होता. आवडलेल्या कुर्त्याच्या लेबलवर २,४९९ हा आकडा लाल रेघेने खोडलेला आणि खाली १,२४९. "अर्ध्या किमतीत मिळतोय, मग मलाही एक घेते," म्हणत बहिणीने ९४९ चा दुसरा उचलला. बिल झालं २,१९८. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, अजून तीनशेचं काहीतरी घ्या ना, अडीच हजारांवर पाचशेचं कूपन आहे." मग ३९९ ची ओढणी आली. कूपन मात्र त्या बिलावर चालणारं नव्हतं. ते पुढच्या महिन्यात, तेही दीड हजारांच्या वरच्या खरेदीवर, असं मागे बारीक अक्षरांत छापलं होतं. वाया जाऊ नये म्हणून पुढच्या महिन्यात परत गेलो, १,६२० ची चादर घेतली आणि पाचशे वजा होऊन १,१२० भरले. दोन्ही खेपा मिळून ३,७१७ रुपये गेले. बहीण बँकेत काम करते, हिशोबाची पक्की आहे. म्हणूनच मला या गोष्टीच्या मुळाशी जावंसं वाटलं.

कुर्त्याची 'खरी' किंमत किती, हे आपल्याला कुठे माहीत असतं? कापड, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं यातलं काहीच ठाऊक नसताना मन शेजारी दिसेल त्या आकड्याचा आधार घेतं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहायला हवा. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता, तरी आकडा मनात नांगर टाकून बसला. लेबलवरचा खोडलेला आकडा नेमकं हेच करतो. फरक इतकाच की तो वस्तूवरच छापलेला असल्यामुळे जास्त विश्वासार्ह वाटतो.

आपल्याकडे या नांगराला छापील किमतीचं बळ आहे. पाकीटबंद वस्तू एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, हे आपल्याला पाठ असतं. पण बहुतेक वस्तूंवर एमआरपी किती छापायची हे उत्पादकच ठरवतो. ती कमाल मर्यादा आहे, वस्तूचं मोल नव्हे. आपण मात्र तिलाच मोल समजून सूट मोजायला लागतो.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. १९८१ साली कानमन आणि ट्वर्स्की यांनीच लोकांना विचारलं: १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटं दूरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल का? ६८ टक्के लोक जायला तयार झाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा असेल तर? मग फक्त २९ टक्के. वाचणारे डॉलर तेवढेच आणि वाटही तेवढीच. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मोबाइल घेताना तीनशेचं कव्हर न विचारता घेतो, ते याच कारणाने. पाकिटातून रुपये जातात, पण मन टक्के मोजत असतं. त्यात 'वीस टक्क्यांवर आणखी वीस टक्के' असं लिहिलं की ते चाळीस वाटतात. खरी सूट ३६ टक्के असते, कारण दुसरी सूट शंभरातल्या उरलेल्या ८० रुपयांवर मिळते.

रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने (२०१७ चं नोबेल त्यांचं) या सगळ्याला एका सूत्रात बांधलं. खरेदीतून आपल्याला दोन वेगवेगळे आनंद मिळतात, असं त्यांनी १९८५ मध्ये मांडलं. एक वस्तूचा, दुसरा सौदा साधल्याचा. ओढणी कुठल्या कुर्त्यावर जाईल याचा विचारही आमच्या मनात आला नव्हता. तिच्यात फक्त दुसराच आनंद होता. घरपोच सेवेचे ४० रुपये वाचवायला टोपलीत ९० रुपयांची वस्तू टाकली जाते, तेव्हाही हेच घडतं. या आनंदाची दुकानदारालाही किती गरज आहे, हे अमेरिकेतल्या जेसीपेनी या दुकानसाखळीच्या गोष्टीवरून कळतं. २०१२ च्या सुरुवातीला तिचे नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी सेल आणि कूपनं जवळजवळ बंद केली. फुगवलेली किंमत छापून मग ती कापण्यापेक्षा रोजच सरळ, कमी किंमत लावायची, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते धोरण आजही प्रामाणिक वाटतं. पण गिऱ्हाईक गेलं. एका वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं आणि कूपनं परत आली. वस्तू महागल्या नव्हत्या. तुलनेला खोडलेला आकडाच उरला नव्हता, त्यामुळे स्वस्त घेतल्याचं समाधान मिळत नव्हतं.

कूपनात आणखी एक खुबी आहे. ते हातात पडलं की आपल्या मालकीचं होतं, आणि न वापरणं म्हणजे पाचशे रुपये घालवणं वाटू लागतं. शिक्क्यांच्या कार्डांचंही तसंच. दर खेपेला एक शिक्का, कार्ड भरलं की एक खेप फुकट. अमेरिकेत गाड्या धुणाऱ्या एका केंद्रावर ग्राहकांना दोन प्रकारची कार्डं दिली. एकावर आठ रिकाम्या जागा, दुसऱ्यावर दहा, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा गाडी धुऊन घ्यायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालीय म्हटल्यावर अर्धवट सोडवत नाही.

फोनवर यात घड्याळाची भर पडते. 'फक्त दोन नग शिल्लक', 'ऑफर संपायला दहा मिनिटं' हे वाचलं की तुलना करायला वेळच उरत नाही. हे खोटं असेल तर तो भारतात ग्राहकाच्या हक्काचा भंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी नमूद केले. खोटी घाई लावणं आणि न सांगता टोपलीत वस्तू टाकणं हे दोन्ही त्या यादीत आहेत. तुमच्या बिलात असं काही दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा.

भाचीच्या वाढदिवसाला आम्ही पुन्हा खरेदीला गेलो. या वेळी बहिणीने घरूनच चिठ्ठीवर 'एक ड्रेस, १,०००' असं लिहून आणलं होतं. दुकानात एका ड्रेसवर तसंच लेबल होतं, वर लाल रेघ आणि खाली १,२४९. तिने चिठ्ठी लेबलाशेजारी धरली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा अडीचशेने महाग आहे."