सेजच्या पानांची खुडणी, वाळवण आणि साठवण

सेज हे तुळस-पुदिन्याच्या कुळातले (लॅमिएसी) बहुवर्षायू झुडूप. शास्त्रीय नाव साल्व्हिया ऑफिसिनॅलिस. मूळ घर भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरचे. क्रोएशियातल्या डाल्मेशिया भागात चुनखडीच्या कोरड्या, दगडाळ उतारांवर ते आजही रानटी वाढते आणि व्यापारात ‘डाल्मेशियन सेज’ हे नाव मानाचे समजले जाते. इ. स. ८०० च्या सुमारास युरोपातला फ्रँक राजा शार्लमेन याच्या राज्यात शाही मळ्यांत कोणत्या वनस्पती लावाव्यात याची जी यादी निघाली, तिच्यात सेज आहे. रोमचा साल्तिंबोका (वासराच्या मांसाचा पदार्थ), उत्तर इटलीत पास्त्यावर घालायचे सेज-लोणी, इंग्लंडमधले कांदा-सेजचे सारण, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसोबतचे स्टफिंग या सगळ्यांची चव या पानावर उभी आहे. परसातले एक जोमदार झुडूप उन्हाळ्यात घराला पुरून उरते. म्हणून वाळवणीची पद्धत तिकडे घरोघरी आहे.

पान लांबट, ५ ते ८ सेंमी., खरखरीत आणि राखाडी हिरवे. भिंगाखाली पाहिले तर दोन्ही अंगांवर दाट लव दिसते आणि लवेच्या बुडाशी चमकणारे बारीक ठिपके. हे ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी. थुजोन, कापूर आणि निलगिरीच्या वासाचे सिनिओल हे त्या तेलातले मुख्य घटक. डाल्मेशियन सेजतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात एकट्या अल्फा-थुजोनचे प्रमाण १८ ते ४३ टक्के इतके ऐसपैस धरले आहे, कारण जात, जमीन आणि हंगाम यांनुसार ते बदलते. ग्रंथी चिरडली किंवा तापली की तेल उडून जाते. पुढची सगळी कृती या ग्रंथी पान शिजेपर्यंत शाबूत ठेवण्यासाठी आहे.

खुडणी : पहिल्या वर्षी झुडपाला मूळ धरू द्यावे, लागेल तशी चार पाने खुडली तरी पुरे. दुसऱ्या वर्षापासून हंगामात दोन-तीन वेळा मोठी काढणी होते. वाळवणीसाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे कळ्या धरतात पण निळी-जांभळी फुले उमललेली नसतात तो, युरोपात साधारण मे-जून. दव उडाल्यावर, पण ऊन चढायच्या आत शेंडे कापावेत. शेंड्याकडचा १२ ते १५ सेंमी.चा कोवळा, पानांचा भाग घ्यावा आणि खाली काही पानांच्या जोड्या ठेवून कात्री लावावी. खालचे जून, तपकिरी, निष्पर्ण लाकूड कापले तर तिथून फूट येईलच असे नाही, फांदी वाळून जाते. नवख्यांच्या हातून झुडूप बहुधा याच चुकीने मरते. थंड प्रदेशात शेवटची मोठी काढणी पहिल्या हिमतुषाराच्या सहा ते आठ आठवडे आधी संपवावी. त्यानंतर आलेली कोवळी फूट थंडीत करपते. चार-पाच वर्षांत झुडूप लाकडी आणि विरळ होते. तेव्हा कलमांपासून नवे तयार करावे.

पानांवरच्या लवेत धूळ अडकते. तोडल्यावर धुतले तर तीच लव पाणी धरून ठेवते आणि वाळायला दिवस वाढतात. म्हणून काढणीच्या आदल्या दिवशी सकाळी उभ्या झुडपावरच पाण्याचा फवारा मारावा. भुरीची पांढरी पूड पडलेली, किडीने खाल्लेली, पिवळी पाने बाजूला काढावीत. भुरी वाळवून जात नाही.

वाळवण : कुरडया-पापडांची सवय असलेल्या हाताला वाळवण म्हटले की कडक ऊन आठवते. इथे ऊन वर्ज्य. उन्हात पान तपकिरी पडते आणि वास उडतो. हवेशीर, कोरडी, अंधारी जागा लागते, मेथी सावलीत वाळवतात तशी. पाच ते आठ फांद्यांची सैल जुडी बांधून उलटी टांगावी. दोऱ्याऐवजी रबरबँड घ्यावा, कारण देठ आक्रसले की दोरा सैल पडतो आणि फांद्या गळतात. जुडी जाड केली तर आतली पाने काळी पडतात. जाळीवर सुटी पाने एकेरी थरात पसरली तरी चालते, फक्त रोज उलटावीत. कोरड्या हवेत ७ ते १० दिवस, दमट हवेत दोन आठवड्यांपर्यंत लागतात.

डीहायड्रेटर (पदार्थ वाळवायचे यंत्र) असेल तर तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअस ठेवावे. पान जाड असल्याने वेळ यंत्रानुसार बदलतो. घड्याळावर न जाता पान तपासावे. घरच्या ओव्हनचे तापमान सहसा इतके खाली स्थिर राहत नाही आणि जास्त उष्णतेत स्वयंपाकघरभर सेजचा घमघमाट सुटतो. तो वास बरणीत जायला हवा होता. मायक्रोवेव्हमध्ये मूठभरापेक्षा जास्त पाने घालू नयेत, मध्येमध्ये थांबून पाहावे. कोरडी झालेली पाने पेट घेऊ शकतात.

सेज फसवते ते याच टप्प्यावर. लवेमुळे पान वरून लवकर कोरडे लागते, कडा चुरचुरतात, आणि मधली शीर मात्र ओली असते. म्हणून कड चोळून पारख करू नये. देठाजवळ, शीर जिथे सर्वांत जाड असते तिथे पान वाकवावे. कट्‌ आवाज करून तुटले तर वाळले. चामड्यासारखे दुमडले तर आणखी दोन दिवस टांगावे. फांदीही वाकताच मोडली पाहिजे. १०० ग्रॅम ओल्या पानांची साधारण २० ते २५ ग्रॅम सुकी पाने होतात.

पुणे-नाशिककडे हौसेने कुंडीत सेज लावले जाते. तिथे पावसाळा दोन्ही अंगांनी वाईट : निचरा नसेल तर मूळकूज होते आणि टांगलेल्या जुड्यांना बुरशी धरते. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी हवाच काढणीला आणि वाळवणीला योग्य. कोकणात पाने टांगण्यापेक्षा यंत्राने वाळवणे किंवा गोठवणे बरे.

साठवण : पाने देठावरून अलगद ओढून अख्खीच काचेच्या बरणीत भरावीत, दाबू नयेत. पहिला आठवडा परीक्षेचा. बरणी घट्ट बंद करून रोज आतल्या काचेकडे पाहावे. झाकणाखाली बारीकसा जरी दमटपणा दिसला, तर सगळी पाने लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवावीत. बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाकून द्यावी, वरची पाने काढून भागत नाही. आठवडा कोरडा गेला की तारीख लिहून बरणी अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी. शेगडीवरची फळी हाताशी असते, पण वाफ आणि उष्णता दोन्ही तिथेच. नीट ठेवलेली अख्खी पाने वर्षभर चांगली राहतात. जुनी झाली की कापराचा वास विरून धुळकट, जुन्या गवतासारखा वास उरतो. मसाल्यांत होणारे तपकिरी बारीक किडे यातही होतात. शंका असल्यास सीलबंद पिशवीत उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवून मग, पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर पाने ओल धरतात.

चुरा आयत्या वेळी करावा. वाळलेली पाने भरड चाळणीवर चोळली की लवेमुळे चुरा कापसासारखा फुलून एकमेकांना धरून बसतो. व्यापारातले ‘रब्ड सेज’ ते हेच. मिक्सरवरची बारीक पूड चमच्यात जास्त बसते, वासाने लवकर संपते, म्हणून ती घातली तर प्रमाण कमी करावे. ताज्या चिरलेल्या पानांचा एक मोठा चमचा म्हणजे सुक्या चुऱ्याचा एक छोटा चमचा. वाळल्यावर चव अधिक तीव्र आणि काहीशी कडवट होते. पहिल्यांदा कमीच घालावे. थुजोनमुळे गरोदरपणी सेजचा काढा किंवा तेल घेऊ नये. जेवणातल्या चिमटीची गोष्ट वेगळी.

गोठवायची तर पाने कोरडी करून ताटात एकेरी थरात गोठवावीत, मग पिशवीत भरावीत. बर्फ वितळल्यावर ती मऊ पडतात, पण लोण्यात परतायला उत्तम. ताजी पाने तेलात बुडवून ओट्यावर ठेवणे धोक्याचे : हवाबंद तेलात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात आणि ना वास बदलतो ना रंग. असे तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे.