हॅकर लोकांच्या मेळ्यात फोन नेला की बँक खातं साफ? अहो, नाही

सोलापुरात नव्या पेठेतल्या मोबाईल दुकानापासून ते आमच्या फॅमिली ग्रुपपर्यंत एकच गोष्ट फिरत असते, की अमेरिकेत हॅकर लोकांची जत्रा भरते, सगळे चोर जमतात आन् फोन घेऊन आत गेलं की खातं रिकामं. लई वर्षं झाली, तोच मेसेज.

ती जत्रा म्हणजे लास वेगासची डेफकॉन. १९९३ मध्ये जेफ मॉस नावाच्या हॅकरनं एका मित्राच्या सेंडऑफसाठी पार्टी ठरवली, मित्र आधीच निघून गेला, मग यानं बाकीच्यांनाच बोलावलं, तिथून सुरू झालं हे. आता चोरांचाच अड्डा असता तर २०१२ ला एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा तेव्हाचा प्रमुख कीथ अलेक्झांडर जीन्स-टीशर्ट घालून भाषणाला कशाला गेला असता? उलट तिथं 'स्पॉट द फेड' खेळ चालायचा, गर्दीतला सरकारी माणूस ओळखला की ओळखणाऱ्याला टीशर्ट, आन् पकडला गेलेल्यालाबी टीशर्ट!

मेसेजमध्ये थोडं खरंय ते 'वॉल ऑफ शीप'चं. तिथल्या ओपन वायफायवर एन्क्रिप्शन, म्हंजे माहिती सांकेतिक करणं, न वापरता लॉगिन केलं की तुमचं युजरनेम अन् अर्धा झाकलेला पासवर्ड भिंतीवर झळकतो. पैसे नाही जात, इज्जत जाते, आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत पाळण्यावर ओरडणाऱ्याला पोरं हसतात तसंच.

बाकी वेळ अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून कुलूप पिनेनं उघडायला शिकवत बसतात, फुकट. आपल्याकडं गोव्यात अशीच हॅकर लोकांची नलकॉन भरते २०१० पासून, सोलापूरहून जवळच की ओ.