पाळकाचं समुपदेशन आणि थेरपी: लॅटिनो चर्चच्या एकाच खोलीत चालणारी दोन वेगळी कामं

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस किंवा ह्यूस्टनमधल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्पॅनिशभाषक लोकांच्या चर्चमध्ये आठवड्यातली एखादी संध्याकाळ 'समुपदेशना'साठी राखलेली असते. काही ठिकाणी समोर पाळक (प्रोटेस्टंट चर्चचा धर्मगुरू) किंवा कॅथलिक फादर बसतात, काही ठिकाणी जवळच्या आरोग्य केंद्रातून आलेली थेरपिस्ट. खोली तीच, खुर्च्या त्याच, बहुतेकदा फीही नाही. त्यामुळे येणाऱ्या बाईला दोन्ही एकच वाटतं. पण कोणाला काय सांगितलं की ते पुढे कुठवर जातं, आजाराचं निदान कोण करतं आणि चुकलं तर जबाबदार कोण, या तिन्ही बाबतींत त्यांच्यात मोठं अंतर आहे.

पाळक मुळात सोबत करतो. मयताच्या घरी जातो, नवरा-बायकोचं भांडण ऐकतो, प्रार्थना करतो, रुग्णालयात भेटायला जातो. घरातल्या तीन पिढ्या त्याला ठाऊक असतात. घड्याळ नसतं, फाइल नसते. धर्मसेवेचा भाग म्हणून केलेल्या अशा समुपदेशनाला राज्यांचे कायदे सहसा परवान्यातून सूट देतात. मात्र त्याने स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेतलं तर तो गुन्हा ठरू शकतो. थेरपिस्टचं काम मोजूनमापून चालतं: साधारण पाऊण तासाचं सत्र, निदान, उपचाराचा आराखडा, नोंदी, आणि एक दिवस उपचार संपणं. कॅलिफोर्नियात विवाह-कुटुंब थेरपिस्ट किंवा क्लिनिकल सोशल वर्कर व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षणाबरोबर देखरेखीखाली 3,000 तास काम करावं लागतं. औषध यांच्यापैकी कोणीच लिहून देत नाही. त्यासाठी डॉक्टर किंवा औषध लिहिण्याचा परवाना असलेली नर्स लागते.

खरी गुंतागुंत गुप्ततेत आहे. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. धर्मसंहितेचं 983 वं कलम वसईत लागू आहे तसंच लॉस एंजेलिसमध्येही. पण तेच फादर ऑफिसात चहा पिता पिता जे ऐकतात ते पापनिवेदन नव्हे. कॅलिफोर्नियात धर्मगुरूंनाही बालअत्याचाराची खबर देणं बंधनकारक आहे. सूट आहे ती पापनिवेदनासारख्या धार्मिक गुप्त संभाषणापुरती. थेरपिस्टला आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेचा कायदा बांधतो, पण अपवादांसकट: मुलांवर वा वृद्धांवर अत्याचार, जिवाला तातडीचा धोका, किंवा ओळखता येईल अशा व्यक्तीला मारण्याची गंभीर धमकी. हा शेवटचा अपवाद 1976 च्या कॅलिफोर्नियातल्या तारासॉफ खटल्यातून आला. चांगली थेरपिस्ट ही यादी पहिल्याच सत्रात वाचून दाखवते. पाळकांनीही पहिल्याच भेटीत तसं करायला हवं, पण फार थोडे करतात.

प्रत्यक्षात गुपित फुटतं ते कायद्याच्या फटीतून नव्हे, प्रार्थनेतून. 'अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार त्रास चालू आहे' एवढंच वाक्य बुधवारच्या प्रार्थनागटात येतं, तिथून व्हॉट्सअॅपवर जातं आणि रात्रीपर्यंत सासूच्या फोनवर पोचतं. ती बाई पुन्हा पाळकाकडे येत नाही, थेरपिस्टकडेही जात नाही. म्हणून प्रार्थनेच्या यादीत नाव घालण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. नसेल तर नुसतं 'एका कुटुंबासाठी' म्हणावं, देवाला पत्ता ठाऊक असतो.

दुसरा घोळ रविवारच्या आरोग्य मेळाव्यात होतो. मिस्सेनंतर, म्हणजे कॅथलिक उपासनेनंतर, टेबलावर पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासण्याची प्रश्नावली ठेवतात: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तपासणी हवी. स्पॅनिश प्रत मोफत मिळते, म्हणून चर्चला ती सोपी वाटते. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण सहाच आले, पण नवव्याला 1 असेल, तर त्या माणसाशी त्याच दिवशी, बाजूला घेऊन, प्रशिक्षित माणसाने बोललं पाहिजे. असं कोणी हजर नसेल तर फॉर्म वाटूच नयेत. फॉर्म भरताना नवरा शेजारी उभा नको आणि भरलेले कागद चर्चच्या कपाटात नकोत. ते केंद्राच्या फाइलीत जावेत. स्वयंसेवकांनी घेतलेलं मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण इथे उपयोगी पडतं, पण ते जेमतेम एका दिवसाचं असतं आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ओळखणं, ऐकणं आणि योग्य जागी पाठवणं एवढंच ते शिकवतं.

निदानात दोन्ही बाजू चुकतात. घरातला मृत्यू किंवा मोठं भांडण झाल्यावर एखादी बाई अचानक ओरडते, थरथरते, छातीतून डोक्याकडे उष्णता चढल्याचं सांगते, कधी कोसळते. याला स्पॅनिशभाषक 'आताके दे नेर्व्हिओस' म्हणतात आणि अमेरिकन मानसोपचाराच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत त्याची वेगळी नोंद आहे. काही पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत तो भुताचा प्रकार ठरतो, तर अनुभव नसलेल्या दवाखान्यात सरसकट पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार. झटका कशानंतर आला आणि तसा पूर्वी किती वेळा आला होता, हे विचारलं तर यातल्या बऱ्याच चुका टळतात. पहिली माहिती बहुधा पाळकाकडेच असते.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र पाळकाच्या एका वाक्याला डॉक्टरच्या दहा वाक्यांचं वजन असतं. नैराश्याच्या औषधांचा पुरता परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोपेचा त्रास आधी सुरू होतो, म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात औषध सोडतात. 'प्रार्थना करा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका' हे व्यासपीठावरून सांगितलं तर फरक पडतो. श्रद्धा कमी पडली म्हणून आजार हटला नाही, असं सुचवणारं प्रवचन उलट काम करतं.

पाळकाकडून थेरपिस्टकडे माणूस नेताना हातात कागद देऊन भागत नाही. संमती घेऊन त्याच्यासमोरच केंद्राला फोन लावावा, नाव त्याने स्वतः सांगावं, स्पॅनिश बोलणारी थेरपिस्ट आहे का आणि फी किती हे तिथल्या तिथे विचारावं. संघराज्याच्या मदतीवर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांत पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल तर सवलत मिळते. आठवड्याने पाळकाने विचारायचं ते 'गेलात का?' एवढंच. आत काय बोलणं झालं, हे विचारू नये.

2025 च्या जानेवारीत चर्चसारख्या जागी विनापरवाना स्थलांतरितांना पकडण्याच्या इमिग्रेशनच्या कारवाया टाळण्याचं जुनं धोरण रद्द झालं. जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप आल्बेर्तो रोहास यांनी भीतीपोटी येऊ न शकणाऱ्यांना रविवारच्या मिस्सेतून सूट दिली. शिवाय प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2022 च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी 30 टक्क्यांनी कोणताच धर्म पाळत नसल्याचं सांगितलं होतं. तेव्हा सगळी मदत रविवारच्या टेबलावर ठेवून चालणार नाही. फोनवरची सत्रं आणि घरोघरी जाणाऱ्या प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका, यांची जोड लागते. तातडीच्या वेळी 988 हा अमेरिकेतल्या आत्महत्या-संकट मदतवाहिनीचा नंबर लावून 2 दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं. हा आकडा चर्चच्या साप्ताहिक पत्रिकेच्या मागच्या पानावर प्रत्येक आठवड्याला छापावा, कारण गरज पडते तेव्हा पाळकाचा फोन बंद असू शकतो.